भांडलेले साक्षीदार

"सर, सहाशे तेरावा राहिला," आकांक्षा म्हणाली. "बाकी सगळं पुस्तक लागलं. हे एकच पान रिकामं हाये."

खुशालराव धांडे सर सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. काच केव्हाचीच साफ झाली होती, तरी पुसणं चालूच.

"राहू दे रिकामं."

"असं कसं राहू दे? देवराव मेटकर, धामणगाव रेल्वे, सन एकोणीसशे एकाहत्तर. बस, एवढंच. बाकीच्या सहाशे बारा जणायले चार ओळी तरी भेटल्या. ह्या मेटकरानं कोणाचं घोडं मारलं होतं?"

"त्याले दोन साक्षीदार नाई भेटले," सर म्हणाले आणि चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे उगाच पाहत बसले.

आकांक्षाचं डीटीपीचं दुकान अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका बोळात होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, असलं सगळं काम. सहा वर्षांपूर्वी सर कापडी पिशवी घेऊन पहिल्यांदा आले तेव्हा पहिलं पान पाहूनच तिनं हात जोडले होते. गुळाला लागलेल्या मुंग्यांवर कोणी फुंकर मारावी, तसं ते अक्षर. आता अख्ख्या अमरावतीत ते वाचू शकणारी दोनच माणसं उरली होती, एक आकांक्षा आणि दुसरे स्वतः सर. आणि सरांचीही दरवेळी खात्री देता येत नसे.

पुस्तक शिपायांचं होतं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून जे जे कोणी लढाईवर गेले, मग ते बसऱ्याला गेलेले असोत, ब्रह्मदेशात की चीनच्या सीमेवर, त्या सगळ्यांचं. त्यात सेनापती एकही नव्हता. खेचरं हाकणारे होते, पोळ्या लाटणारे होते, खंदक खोदणारे होते, एक तर नुसता साहेबांची दाढी करायला गेलेला न्हावी होता. कोण कसा गेला, तिकडे काय खाल्लं, कशाला भ्याला, परत आल्यावर काय बोलायचा आणि काय बोलायचं टाळायचा, हे सगळं सरांनी गावोगाव एसटीनं हिंडून गोळा केलं होतं. आकांक्षानं काम म्हणून हाती घेतलेलं हे पुस्तक तिच्या नकळत तिला धरून बसलं. टाइप करता करता तिचे हात थांबायचे. एवढी माणसं आपल्या आजूबाजूच्या गावांतून गेली आणि आपल्याला पत्ता नाही, याचं तिला नवल वाटायचं आणि लाजही.

सरांची काम करायची रीत जगावेगळी होती. कोणतीही गोष्ट दोन साक्षीदारांनी सांगितल्याशिवाय लिहायची नाही, आणि ते दोन साक्षीदार एकमेकांशी भांडलेले हवेत. वऱ्हाडात असे साक्षीदार शोधायला लांब जावं लागत नाही. शेताच्या धुऱ्यावरून, मानपानावरून, लग्नात कोणाला आधी वाढलं यावरून तीस-तीस वर्षं न बोलणारे भाऊ प्रत्येक गावात सापडतात. सर आधी एकाच्या घरी जायचे, मग दुसऱ्याच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचं भांडण कशावरून?" त्याचा निचरा झाला की मग आज्याची गोष्ट. बसऱ्याहून आज्यानं पदक नव्हे, कात्री आणली होती, असं दोन्ही भाऊ वेगवेगळ्या ओसरीवर बसून एकमेकांना शिव्या देत देत सांगत असतील, तर कात्री खरी. ज्या गावात सगळे एकदिलानं सांगायचे, तिथून सर वही मिटून परत यायचे.

"गाव एका सुरात बोललं ना, का समजायचं, आधी बैठक झाली," ते म्हणायचे.

अशा एका गावच्या वीरपुरुषाला पुस्तकात जागा दिली नाही म्हणून एका सभेत सरांच्या अंगावर शाई फेकली होती. दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून ते कॉलेजात शिकवायला गेले. सरांनी लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणत, दोन साक्षीदार मिळाले नाहीत.

मूळचे ते नांदगाव खंडेश्वरकडचे. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले. लिहिता-वाचता येतं म्हणून कारकून झाले आणि पलटणीची रोजनिशी त्यांच्याकडे आली. लढाईत रोज काय झालं, किती वाजता झालं, कोण पडलं, हे संध्याकाळी त्या वहीत लिहायचं काम. एकाहत्तरची लढाई त्यांनी बंदूक पाठीवर आणि वही मांडीवर घेऊन पाहिली. मग फौज सोडली. स्वतःपेक्षा दहा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून बी.ए. केलं, इतिहासात एम.ए. केलं आणि पंचवीस वर्षं प्राध्यापकी करून गेल्याच साली निवृत्त झाले.

ही वर्षंही अशी की गावात वही घेऊन जाणाऱ्याची धास्ती वाटावी. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या होत्या आणि सरकारी मदतीला कोण पात्र, हे ठरवायला जो तो सर्वेक्षणाला यायचा. एकदा आकांक्षाही सरांबरोबर गेली होती. अंगणातल्या बाईनं वही पाहिली आणि बसायलाही न सांगता विचारलं, "पॅकेजवाले काय? पात्र लिवता का अपात्र?"

सर तिथंच मातीत बसले. म्हणाले, "काहीच नाई लिहीत, माय. तुमच्या आजेसासऱ्याचं विचाराले आलो. ब्रह्मदेशात होते म्हणतात."

बाई आधी आजेसासऱ्याचं बोलली. मग नवऱ्याचं बोलायला लागली, जो गेल्या वर्षी गेला होता. सर तीन तास ऐकत बसले. परत येताना एसटीत त्यांचा राग बाहेर पडला. "अख्ख्या माणसाचा एक रकाना करतात," म्हणाले. "एक शब्द लिहिला का सुटले!" तो राग सरकारवरचा आहे असंच तेव्हा आकांक्षाला वाटलं.

आणि आज तेच सर सांगत होते की एक पान रिकामं राहू दे.

"कोणीच नाई का त्या मेटकरचं? एकबी साक्षीदार?" तिनं विचारलं.

"एक आहे. शेख नबी. अकोटले मोटार वायंडिंगचं दुकान आहे त्याचं."

"मंग दुसरा?"

सरांनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. सहा वर्षांत एखादा प्रश्न त्यांनी असा टाळलेला तिनं पाहिला नव्हता.

"तुमी होते ना त्या लढाईत?" ती हळूच म्हणाली. "तुमचं न नबीचं जमते काय?"

"छत्तीस वर्षं झाले, बोललो नाई."

"मंग झाले ना दोन साक्षीदार! तेबी भांडलेले."

"मी वही धरणारा माणूस, पोरी. वही धरणारा साक्षीदार नसते."

"मंग वही मी धरतो, सर," आकांक्षा म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच धसका बसला. पण सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती इतकी वर्षं समोर बसलेली त्यांना आजच दिसली. मग ते उठले, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले. तिनं कोरे कागद पुढं ओढले. पहिला प्रश्न काय विचारायचा, हे तिला पाठ होतं.

"तुमचं भांडण कशावरून?"

"एका शब्दावरून," सर म्हणाले. "लिही."

आणि ते सांगू लागले. डिसेंबरची सकाळ होती. एका कालव्याच्या अलीकडे पलटण अडकली होती. पलीकडून मशीनगन डोकं वर काढू देत नव्हती. धुक्याचा फायदा घेऊन देवराव टेलिफोनची वायर ओढत एकटाच कालवा ओलांडून गेला, पलीकडच्या पडक्या वीटभट्टीपर्यंत. तिथून त्याला मशीनगन दिसत होती. तो फोनवर सांगायचा, खंदकात बसलेला नबी ते मागच्या तोफांना सांगायचा. चौथा गोळा बरोबर पडला आणि मशीनगन बंद झाली.

"तिघंबी आमी वऱ्हाडातले. पलटणीत आमाले तीन पाटील म्हणत. मी त्याच खंदकात रोजनिशी घेऊन बसलो होतो. मशीनगन बंद झाल्यावर देवरावनं सांगितलं, पोटात गोळी लागेल आहे. केव्हाची लागली होती. आधी सांगितलंच नाई, काम अर्धं राहील म्हणून. डावीकडून दुसरी बंदूक चालू होती. दुपारपर्यंत त्याच्याजवळ कोणाले जाता येत नव्हतं. मग तो फोनवर बोलत राहिला. घरचं. शेतातलं. काई-काई."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं, मी खंदकातून निघालो तोवर. घड्याळ माझ्याच हातात होतं."

"अन् आखरीले काय बोलला?"

सरांचे हात गुडघ्यांवर घट्ट झाले.

"ते मले नाई माहीत. नबीनं मधातच रिसीव्हर माझ्या हातात दिला न बाहेर गेला. मी ऐकलं दोन-तीन मिनिटं. बहिणीच्या लग्नाचं सांगत होता. मांडवात बैल शिरला न त्यानं नवरदेवाचा फेटा खाल्ला, ते. हसत होता, पोरी. तेवढ्यात मेजरसाहेबांनी हाक मारली. मी वळलो तं दारात नबीचे बूट दिसले. 'घे' म्हटलं, रिसीव्हर खोक्यावर ठेवला न दुसऱ्या अंगानं निघून गेलो. शेवटी नबी होता त्याच्यापाशी. जे काई शेवटचं बोलला, ते नबीजवळ आहे."

त्या संध्याकाळी मेजरसाहेबांनी मजकूर सांगितला आणि खुशालनं रोजनिशीत लिहिला. तात्काळ मृत्यू. घरच्यांना त्रास नको, म्हणून तसंच लिहायची रीत होती. तोच शब्द तारेनं धामणगावला गेला. तीन दिवसांनी नबीनं वही पाहिली आणि सगळ्यांदेखत खुशालच्या थोबाडीत मारली. चाळीस मिनिटं बोलला माणूस, म्हणाला, अन् तू एका शब्दात मारला त्याले! पुढं सुटीवर निघाले तेव्हा दोघं हावड्यापासून बडनेऱ्यापर्यंत एकाच बाकावर बसून आले, एक अक्षर न बोलता.

"चूक कोणाची?" आकांक्षानं विचारलं. हाही सरांचाच प्रश्न होता.

"शब्द साहेबाचा. पण अक्षर माझं," सर म्हणाले. "त्या एका शब्दापायी मी इतिहास शिकलो. खोटी गोष्ट कागदावर कशी चढते, हे मले माहीत होतं. चांगल्या मनानं चढते."

तिनं कागदावर त्यांची सही घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांची साक्ष घेणारा हा माणूस आपल्यासमोर आरोपीसारखा बसला आणि एक शब्दही आपल्या बाजूनं बोलला नाही, या विचारानं तिला गलबलून आलं.

चार दिवसांनी दोघं दर्यापूरवरून अकोटला गेली. सरांनी अट घातली होती. नबीची साक्ष लिहून होईपर्यंत ते त्याच्या नजरेला पडणार नाहीत. "चुकून गोडी झाली तं साक्ष वाया जाईल," म्हणाले. ते एसटी स्टँडच्या बाकावर बसले आणि आकांक्षा विचारत विचारत दुकानी पोचली.

नबीचाचा तांब्याच्या तारेचं गुंडाळं मांडीवर घेऊन बसले होते. भोवती जळालेल्या मोटारी. त्या वर्षांत विहिरी आटायच्या आणि मोटारी कोरड्या चालून जळायच्या, त्यामुळं दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आकांक्षानं नाव-गाव सांगितलं आणि विचारलं, "चाचा, तुमचं न खुशालराव धांड्याचं भांडण कशावरून?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, मग खो-खो हसला. "त्याचाच सवाल हाये हा! पेपरात वाचला म्या. त्यानंच धाडलं ना तुले? कुठीसा हाये तो?"

"स्टँडवर बसले हायेत."

"बसू दे."

आतून त्यांची बायको कुलसुमबी चहा घेऊन आली. "यायचं काई आयकू नको, बेटा," ती म्हणाली. "त्याचं नाव काढलं का आग होते यायची. अन् त्याचा लेख पेपरात आला का कात्री घेऊन पयले हेच बसतात. पेटीभर कात्रनं हायेत."

"दुश्मन काय लिवून राहिला, ते पाहा लागते ना!" नबीचाचा म्हणाले. मग त्यांनी तार बाजूला ठेवली, हात पुसले आणि सांगायला लागले.

सगळं जुळत होतं. धुकं, कालवा, वीटभट्टी, चौथा गोळा. पोटात गोळी लागल्याचं उशिरा सांगितल्याचं. फेटा खाणारा बैल. चाळीस मिनिटं. आकांक्षा भराभर लिहीत होती. छत्तीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली दोन माणसं एकच सकाळ शब्दाला शब्द सांभाळून बसली होती.

"मले नाई आयकवलं, बाई," नबीचाचा म्हणाले. "तो हसून राहिला होता, अन् मधातच दम तुटे त्याचा. खुशाल्याच्या हातात रिसीव्हर देला अन् भाईर निंगालो. पयालोच समज. मंग माहीच मले शरम वाटली. परत आलो. दारात पायतो तं खुशाल्या कानाले लावून बसेल, पाठ माह्याकडे, बोलून राहिला त्याच्यासंग. म्या म्हनलं, हा हाये ना त्याच्यापाशी. अन् तसाच माघारी फिरलो, मागची वायर पाहाले गेलो. आखरीपर्यंत खुशाल्या होता. मी नव्हतो. म्हनून तं राग आला मले! सारं आयकलं यानं, आखरीचं बी आयकलं, अन् लिवलं काय तं तात्काळ!"

आकांक्षाची लेखणी थांबली.

नबीचाचा जरा पुढं झुकले. आवाज एकदम खाली आला. "तुले सांगतलं असन त्यानं. काय बोलला देवराव आखरीले? छत्तीस साल झाले, मले इचारता नाई आलं त्याले."

"ते... जुळवायचं काम सरायचं असते, चाचा," ती कशीबशी म्हणाली, सही घेतली आणि निघाली.

दुकान ते स्टँड दहा मिनिटांचा रस्ता. तिला तो संपू नये असं वाटत होतं. सर म्हणतात शेवटी नबी होता. नबी म्हणतो शेवटी खुशाल होता. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांचं खरं एकत्र ठेवलं की एकच गोष्ट उरत होती. खोक्यावर ठेवलेला तो रिसीव्हर कोणी उचललाच नव्हता. पलीकडे देवराव बोलत होता आणि अलीकडे खंदक रिकामा होता. ज्या एका भरवशावर हे दोन म्हातारे इतकी वर्षं जगले, तो भरवसा या दोन कागदांनी खलास होणार होता. हाताशी पेन होतं. नबीच्या साक्षीतलं एक वाक्य बदललं तर कोणाला कळणार होतं? ती रस्त्याच्या कडेला थांबली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खोटी गोष्ट चांगल्या मनानं चढते असं सर म्हणाले, ती हीच वेळ. तिनं पेन पिशवीत टाकलं.

सरांनी कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. आपलाही मागून घेतला आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. स्टँडवर अकोल्याची गाडी लागली, भरली, निघून गेली.

"कोणीच नव्हतं," सर म्हणाले.

आकांक्षाला रडू आवरेना. सरांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चेहरा इतका म्हातारा झाला होता की तिला भीती वाटली. वाटलं, आता हे कागद घडी घालून खिशात ठेवतील आणि म्हणतील, चल, अमरावतीची गाडी पाहा. तसं म्हणायचा त्यांना अधिकारही होता.

"दुकान किती दूर आहे?" त्यांनी विचारलं.

नबीचाचांनी त्यांना दारात पाहिलं आणि तारेचं गुंडाळं हातातून घसरलं. दोघांनी एकमेकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हातारा झाला बे तू, खुशाल्या," नबीचाचा म्हणाले.

"नबी, एकच विचारतो. तू दारातून आत आला होता का?"

"नाई. सांगतलं ना त्या पोरीले. तू होता ना तथी."

"मी नव्हतो. तुझे बूट दिसले, मले वाटलं तू आला. मी ठेवून दिला रिसीव्हर."

कुलसुमबी चहाचे कप उचलत होती, ती तशीच उभी राहिली. नबीचाचा खाली बसले, जळक्या मोटारीवरच. सर त्यांच्याजवळ गेले आणि जमिनीवर बसले. नबीचाचा म्हणाले, "हे नको लिवू. आयक माहं. त्याची बहीन हाये अजून. तिले काय वाटन?"

"नबी, त्या दिवशी मेजरसाहेबबी हेच म्हणला होता."

नबीचाचांनी मान खाली घातली.

"आधी तिले सांगू," सर म्हणाले. "आपण दोघं जाऊन. मग लिहू. तुझ्याशिवाय मले नाई जमणार."

असा माणूस आपण पाहिला, असं आकांक्षा पुढं कितीतरी वर्षं सांगायची. स्वतःचा शेवटचा आधार स्वतःच्या हातानं काढून घेणारा, आणि तरी शेजारच्याला धरून ठेवणारा. तिला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण सरांना ते आवडलं नसतं.

धामणगावला तिघं गेली त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. देवरावची बहीण रुख्मिणीबाई सत्तरीच्या पुढची, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन सोलत बसली होती. तिनं बसा म्हटलं, पण सर बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. आपलं नाव सांगितलं, तार कोणाच्या अक्षरावरून आली ते सांगितलं. अडलं तिथं नबीचाचांनी सांगितलं. रिसीव्हरचं सांगताना दोघांपैकी कोणीही दुसऱ्यावर ढकललं नाही. शेवट सरांनीच केला.

"शेवटी काय बोलला, ते आमाले माहीत नाई, बाई. ऐकाले कोणी नव्हतं. आमी दोघं असून नव्हतो. माफ करा, असं म्हणाले आलो नाई. फक्त खरं सांगाले आलो."

रुख्मिणीबाईचे हात शेंगांवर थांबलेले. ती वर न बघता म्हणाली, "बैल खरंच शिरला होता मांडवात. फेटा खाल्ला, तेबी खरं. त्यानं सांगतलं तुमाले?"

"हसत हसत सांगतलं," नबीचाचा म्हणाले.

"तार आली तवा माय म्हने, बरं झालं, तरास नाई झाला लेकराले. म्याबी तेच म्हनलं, लोकायसमोर." तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "पन माह्या मनात दुसरंच होतं. इतके वरीस कोनाले सांगतलं नाई. तात्काळ गेला म्हनतात. म्हंजे त्याले आमची आठवन याले टाईमच नाई भेटला. असंच वाटे मले. एक घडीबी नाई भेटली त्याले."

नबीचाचा रडत होते, उघडउघड, लहान मुलासारखे. चांगल्या मनानं लिहिलेल्या त्या एका शब्दानं या घरातून काय नेलं होतं, हे सरांना आज कळत होतं, आणि ते पुस्तकातल्या सहाशे बारा पानांत कुठंही नव्हतं.

रुख्मिणीबाईनं शेंगांच्या ढिगाचे हातानं तीन भाग केले. एक आपल्यापुढं ठेवला, दोन पुढं सरकवले.

"बसा," ती म्हणाली. "उभे काहून हा?"

दोघं म्हातारे मांडी घालून बसले आणि शेंगा सोलू लागले. आकांक्षानं सवयीनं वही काढली होती. सरांनी तिच्याकडे पाहून मानेनं नको म्हटलं, तशी तिनं ती पिशवीत ठेवली.

"आता सांगा," रुख्मिणीबाई म्हणाली. "पयलेपासून सांगा, चाईस मिन्टं काय काय बोलला ते. हळू सांगा. मले घाई नाई."